माझगावची इस्राएली शाळा

पुण्यात १८७४ साली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातून एक सचित्र पुस्तक बाहेर पडलं. ते सिद्ध करणारे दोघे, मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर, कोकणातून आलेल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचे. पुस्तक होतं ‘हागादा’, म्हणजे पेसाहच्या रात्री घरोघर वाचायचा मजकूर: हिब्रू आणि सोबत मराठी भाषांतर. त्यातली काही चित्रं युरोपातल्या जुन्या प्रतींवरून उतरवलेली आहेत. पण बेखमीर भाकरी करतानाच्या चित्रापाशी नजर थबकते. लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून पीठ मळताहेत, लाटताहेत, भाजताहेत. इजिप्तच्या गुलामीतून सुटताना ज्या घाईत इस्राएली लोकांना पीठ आंबवायलाही उसंत मिळाली नाही, ती घाई या चित्रकाराने पेण-अलिबागच्या एखाद्या घरातल्या चुलीपुढे आणून ठेवली आहे.

पेसाहच्या पहिल्या रात्री जे जेवण होतं त्याला सेदेर म्हणतात. ताटात बेखमीर भाकरी, कडू पाला, मिठाचं पाणी आणि इतर ठरलेले पदार्थ मांडलेले असतात, पण जेवायला लगेच सुरुवात होत नाही. आधी घरातलं सर्वांत धाकटं मूल चार प्रश्न विचारतं: आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, आजच अशी भाकरी का, आजच कडू पाला का? मग वडीलधारी माणसं इजिप्तमधून सुटकेची गोष्ट सांगायला लागतात. सगळ्या विधीची किल्ली अशी मुलाच्या हातात दिलेली आहे. त्याने विचारल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही.

आता ज्या घरात कोणालाच हिब्रू अक्षर वाचता येत नाही, तिथे प्रश्न कोण विचारणार आणि उत्तर कोण देणार? बेने इस्राएल समाजात शतकानुशतकं हीच स्थिती होती. पुण्याचा हागादा निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईत इस्राएली शाळा सुरू झाली. या दोन गोष्टी मला एकाच कहाणीचे दोन भाग वाटतात.

या समाजाची आठवण सुरू होते ती अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापासून. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच मूठमाती दिली, अशी परंपरागत कथा आहे. वाचलेल्यांचे वंशज कुलाबा जिल्ह्यातल्या गावागावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. ज्या गावात राहिले त्या गावाचं नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतलं: पेणकर, रोहेकर, दिवेकर, राजपूरकर, केहिमकर, झिराडकर.

ग्रंथ मात्र त्यांच्याजवळ उरला नव्हता. दक्षिणेत काम करणाऱ्या सार्टोरियस नावाच्या एका मिशनऱ्याने १७३८ मध्ये या लोकांविषयी ऐकलेली माहिती लिहून ठेवली. त्यांच्याजवळ पवित्र ग्रंथ नाही, हिब्रू येत नाही, फक्त ‘शेमा’ ही एक प्रार्थना ठाऊक आहे, असं तो सांगतो. सुंता, लग्न, सण, मृत्यू, प्रसंग कोणताही असो, तीच म्हटली जायची. एका प्रार्थनेच्या आधारावर समाजाने आपली ओळख इतकी शतकं सांभाळली, याचं मला फार मोल वाटतं. पुढे शाळा काढणाऱ्यांना जे बळ मिळालं, त्याचं मूळ इथे आहे.

सणही होते, पण ते कोकणाच्या मातीत रुजलेले. वर्षाच्या सुरुवातीला नव्याचा सण. त्यानंतर नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर करायचा तो खिरीचा सण. मग दारफाळणीचा सण: त्या दिवशी घराची दारं लावून, पांढरी वस्त्रं नेसून, उपास करून आत बसायचं. दुसऱ्या दिवशी शिळा सण, म्हणजे दानधर्म आणि एकमेकांच्या भेटी. फाल्गुनाच्या आसपास होळीचा सण. वसंतात अनाशी ढाकाचा सण, त्या दिवसांत आंबट पाण्याचं मडकं झाकून ठेवायचं. पावसाळ्यात बिरड्याचा सण, वालाचं बिरडं खाऊन पाळायचा. हे सण का पाळायचे, हे विचारलं तर वडील एवढंच सांगत की आपल्यात असंच करतात. इतर यहुद्यांत या सणांना असलेली योम किप्पूर, पुरिम, पेसाह, तिशा बाव ही नावं त्यांच्या कानांवरून गेलेली नव्हती. हनुक्का हा सण तर त्यांच्याकडे नव्हताच. तो जेरुसलेमच्या मंदिराच्या पुनःशुद्धीचा, आणि हे लोक त्या काळाच्या आधीच मायभूमीपासून दूर गेले असावेत, असं समाजात मानलं जातं.

शिक्षक आले ते कोचीनहून. डेव्हिड राहबी नावाच्या माणसाने कोकणात येऊन या लोकांना ओळखलं, तीन तरुणांना शिकवून काझी नेमलं, अशी परंपरा सांगते. हा राहबी कोणत्या काळातला यावर मतभेद आहेत. अठराव्या शतकात कोचीनमध्ये त्या नावाचा एक मोठा व्यापारी होऊन गेला आणि बरेच अभ्यासक त्याच्याकडेच बोट दाखवतात. मग १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, उभं राहिलं. ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अंमलदार. टिपूच्या कैदेतून सुटून आलो तर देवाचं घर बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, अशी कथा आहे. लोक त्या सिनेगॉगला मशीदच म्हणत आणि लोकलच्या मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडल्याचं सांगतात. सिनेगॉग आलं, म्हणजे तिथे सेफर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, वाचायला आणि प्रार्थना चालवायला हझान हवा. १८२६ च्या सुमारापासून कोचीनचे लोक येऊन तिथे हझान म्हणून, शिक्षक म्हणून राहू लागले. शेलोमो सालेम शुर्राबी हे त्यांतले सर्वांत आदराने घेतलं जाणारं नाव. १८५६ मध्ये त्यांचा अंत झाला तोवर त्यांनी मुंबईत एक पिढी प्रार्थनेला उभी केली होती.

पण हझान शिकवायचे ते चालीवर. मुलं ऐकून पाठ करत. शब्द तोंडात बसत, अर्थ कळत नसे. हिब्रू व्याकरण मराठीतून शिकवणारं पहिलं पुस्तक आलं ते एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाकडून. स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि १८३२ मध्ये त्यांनी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वं मराठीत छापली. अमेरिकन मिशननेही त्याआधीच शाळा काढल्या होत्या. त्यांत बेने इस्राएल मुलं शिकायला जात आणि पुढे काही जण तिथेच शिक्षक झाले. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता: या मुलांनी ख्रिस्ती व्हावं. तसं फारच थोड्यांच्या बाबतीत घडलं. मिशनच्या शाळेत मराठीत अब्राहाम, मोशे, दावीद वाचून मूल घरी आलं की ते आपल्याच पूर्वजांच्या गोष्टी सांगू लागे. आजीने आयुष्यभर मलिद्याच्या ताटापुढे ज्याचं नाव घेतलं तो एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, कोण होता, हे तिला नातवाकडून कळू लागलं. पोहे, गूळ, नारळ आणि फळं यांचा मलिदा तसाच राहिला. ताटापुढे बसलेल्यांना मात्र आता त्याची कथा ठाऊक झाली.

अशा मिशनच्या शाळेतून निघालेलं सर्वांत मोठं नाव जोसेफ इझिकेल राजपूरकर यांचं. जन्म १८३४ चा. मुंबईतल्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या शाळेत ते शिक्षक म्हणून लागले, पुढे मुख्याध्यापक झाले आणि अनेक वर्षं त्या पदावर राहिले. ही शाळा बगदादी यहुद्यांच्या मुलांसाठी होती. बगदादी कुटुंबं व्यापारात मोठी आणि हिब्रूत मुरलेली. बेने इस्राएलांकडे ती पुष्कळदा खालच्या नजरेने पाहत, त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेत. त्या बगदाद्यांच्या मुलांना हिब्रू शिकवायला उभा होता तो कुलाबा जिल्ह्यातल्या तेल्याच्या कुळातला माणूस. राजपूरकरांनी प्रार्थनेची वीसेक पुस्तकं मराठीत आणली. मुंबई विद्यापीठाचे ते हिब्रूचे परीक्षक होते आणि फेलोही. समाजाच्या मनातला न्यूनगंड उतरवायला हजार व्याख्यानांनी जे झालं नसतं ते या एका नेमणुकीने झालं असेल, असं मला नेहमी वाटतं.

आपली शाळा हवी, हा ध्यास मात्र हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा. अलिबागला जन्मलेला हा माणूस सरकारी नोकरी सांभाळून समाजाच्या कामात आयुष्यभर गुंतलेला होता. १८५३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी शिक्षणप्रसारासाठी बेने इस्राएल हितवर्धक संस्था स्थापन केली. शाळा उघडायला त्यानंतर वीस-बावीस वर्षं लागली. पैसा नव्हता. समाज लहान, बहुतेक जण कारकून, सुतार, गवंडी, फौजेतले शिपाई, पेन्शनवर गावी परतलेले जमादार. १८७५ मध्ये ‘इस्रायलाइट स्कूल’ सुरू झालं. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनकडे केहिमकरांनी पत्रं पाठवून मदत मिळवली आणि त्या मदतीवर शाळा तगली. पुढे ती माझगावला स्थिरावली आणि हायस्कूल झाली.

ही शाळा शनिवारी बंद असे. वाचायला साधी वाटणारी ही गोष्ट पालकांच्या लेखी फार मोठी होती. मिशनच्या आणि सरकारी शाळांना सुट्टी रविवारी. म्हणजे शब्बाथ, शनिवारचा विसावा, पाळायचा तर दर आठवड्याला मुलाचा एक दिवस बुडणार. शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवा लावायचा, काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दूशचा आशीर्वाद म्हणायचा, आणि शनिवारी सकाळी त्याच मुलाला पाटी देऊन शाळेत धाडायचं, हा पेच आईबापांनी वर्षानुवर्षं सोसला होता. नव्या शाळेत घड्याळच त्यांच्या घराप्रमाणे लावलेलं होतं. तिश्री या हिब्रू महिन्यात एकामागोमाग सण येत तेव्हाही शाळेला सुट्टी.

वर्गात इंग्रजी, मराठी, गणित इतर शाळांसारखंच. वेगळा तास हिब्रूचा. आलेफ, बेत, गिमेल. मराठी अक्षर डावीकडून, हिब्रू उजवीकडून. एकाच पाटीवर दोन दिशा. अक्षरांखाली ठिपक्यांची, रेघांची स्वरचिन्हं, आणि ती कळली की मगच शब्द फुटायचा. प्रार्थनेच्या पुस्तकात एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. ज्यांना अक्षरं जमली नव्हती त्यांच्या सोयीसाठी हिब्रू शब्द देवनागरीत लिहिण्याचाही प्रघात पडला होता. इतर मुलं संस्कृत किंवा फारसी घेत, तशी ही मुलं पुढे मॅट्रिकला हिब्रू घेऊ लागली. ज्या भाषेतली एकच प्रार्थना पणजोबांना येत होती, त्या भाषेची परीक्षा पणतू मुंबई विद्यापीठात देऊ लागला. मध्ये फार तर तीन-चार पिढ्यांचं अंतर.

सणांच्या दिवसांत या शिक्षणाचा खरा कस लागे. होळीचा सण आता पुरिम म्हणून ओळखला जाऊ लागला. पर्शियाच्या दरबारातली एस्तेर राणी, तिचा आप्त मोर्दखाय, यहुद्यांच्या मुळावर उठलेला हामान. सिनेगॉगमध्ये एस्तेरची पोथी वाचली जाते तेव्हा हामानाचं नाव आलं की मुलांनी पाय आपटून, दणाणून ते नाव बुडवायचं असतं. सिनेगॉगमध्ये गोंगाट करायला मिळण्याची एवढी एकच वेळ, आणि त्यासाठी कान देऊन ऐकावं लागतं, नाहीतर नाव निसटतं. घरी पुरणपोळीच. पर्शियाची कथा आली म्हणून पुरण कोणी टाकलं नाही. नव्याच्या सणाचा रोश हशाना झाला, तरी गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधाचा हलवा वड्या पाडून ताटात येतच राहिला. दारफाळणीचा योम किप्पूर झाला आणि लोक घराच्या बंद दारांआडून उठून सिनेगॉगमध्ये दिवसभर उभे राहू लागले. सुक्कोथचा मांडव, सिम्हाथ तोराच्या रात्री सेफर तोरा हातात घेऊन घातलेल्या फेऱ्या, तिला हात लावून बोटं ओठांशी नेण्यासाठी गर्दीत घुसणारी मुलं, हे हळूहळू रूढ झालं. प्रार्थना संपली की एकमेकांचे हात हातात घेऊन बोटांना ओठ लावायची हातबोशी तशीच राहिली.

हे सगळं शाळेने एकटीने केलं असं म्हणणं खोटं होईल. वाचता न येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी, आणि ज्यांना रात्री जागायला आवडे अशा मुलांसाठी, कीर्तन आलं. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठी कीर्तनाचा साचा जसाच्या तसा उचलला: पूर्वरंग, आख्यान, ओव्या, साक्या, दिंड्या. आख्यानं मात्र अब्राहामाची, योसेफाची, मोशेची, एस्तेरची. भावांनी विहिरीत टाकलेला योसेफ आणि त्याच्यासाठी रडणारा बाप, हे साकीत ऐकताना बायका पदर डोळ्यांना लावत असतील, यात मला शंका नाही. मराठी देवळांत शिकलेलं हे तंत्र यहुदी मुलांपर्यंत त्यांचा धर्म पोचवायला कामी आलं, आणि त्यात कोणालाच काही विसंगत वाटलं नाही.

केहिमकरांनी म्हातारपणी, १८९७ मध्ये, समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. गावोगावच्या सणांची जुनी मराठी नावं, रीती, पदार्थ त्यांनी त्यात नोंदवले. हिब्रू शाळा काढणाऱ्या माणसानेच बिरड्याचा सण आणि खिरीचा सण कागदावर उतरवून ठेवला, हे त्यांच्या मोठेपणाचं लक्षण. नवं शिकवताना जुन्याची लाज त्यांनी बाळगली नाही. ते पुस्तक त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. १९३७ मध्ये तेल अवीवला छापलं गेलं.

शाळेचा दुसरा बहर आला तो रिबेका रूबेन यांच्या काळात. शिमोग्याला जन्मलेली, पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेली ही मुलगी १९०५ च्या मॅट्रिकला मोठं यश मिळवून पुढे आली. पुढे इंग्लंडला जाऊन तिने शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला. समाजाच्या वार्षिकाचं संपादन केलं, आणि १९२२ मध्ये इस्राएली शाळेची मुख्याध्यापिका झाली, ती १९५० पर्यंत. अठ्ठावीस वर्षं! ज्या समाजात बाई प्रार्थनेला वेगळी बसते, त्याच्या धर्मशिक्षणाच्या शाळेची सूत्रं एका अविवाहित बाईच्या हाती इतका काळ होती. हुजूरपागेच्या शिस्तीत वाढलेल्या या बाईंनी मराठी शिक्षणाची परंपरा आणि यहुदी ज्ञान यांचा मेळ घातला. त्यांच्याच काळात, १९३० च्या दशकात, बगदादी धनिक सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचं नाव मिळालं. ज्यांचे जातभाई कधीकाळी बेने इस्राएलांना कमी लेखत, त्यांच्यातल्याच एकाचं नाव आता शाळेच्या दारावर होतं.

मग १९४८ आलं. इस्राएल देश झाला आणि जहाजं, विमानं भरून मुंबई-ठाण्यातली कुटुंबं जाऊ लागली. फाळणीच्या सुमाराला वीसेक हजारांचा असलेला हा समाज पुढच्या काही दशकांत चार-पाच हजारांवर आला. शाळेच्या वर्गांतली हिब्रू नावं विरळ होत गेली आणि माझगावची इतर धर्मांची मुलं त्या बाकांवर बसू लागली. आज तिथे शिकणारी बहुतेक मुलं यहुदी नाहीत. समाजाच्या मुलांना सण आणि हिब्रू शिकवण्याचं काम पुढे ओआरटी इंडियासारख्या संस्थांनी आणि सिनेगॉगच्या वर्गांनी उचललं.

इस्राएलला गेलेल्यांच्या वाट्याला एक कडवट प्रसंग आला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मगुरूंनी बेने इस्राएलांच्या लग्नांबाबत शंका काढली. यांचे पूर्वज खरेच यहुदी होते का, मधल्या काळात धर्माचे नियम पाळले गेले का, असे प्रश्न विचारले गेले. जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली, उपोषणं झाली. शेवटी १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव करून बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी असल्याचं मान्य केलं. त्या निदर्शकांत माझगावच्या शाळेत आलेफ-बेत गिरवलेली, मॅट्रिकला हिब्रू घेतलेली माणसं असणारच. आपण कोण आहोत ते त्यांना मराठीतून नीट शिकवलेलं होतं. म्हणूनच ती ठामपणे उभी राहू शकली, असं मी मानतो.

आता लोद, अश्दोद, दिमोना या गावांत त्यांची नातवंडं वाढली आहेत. हिब्रू त्यांना रस्त्यावरच येते, सेदेरचे चार प्रश्न विचारायला शाळेत शिकावं लागत नाही. तिथे आता मराठी शिकावी लागते, आणि त्यासाठी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं गेलं.